पायरीची तारीख

एसीच्या दुकानात गिऱ्हाईक आधी तारे मोजतं, मग किंमत विचारतं. कमानीत मांडलेले ते तारे, वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा, कंपनीचं नाव, मॉडेल, टन. २०२५ च्या लेबलांत दीड टनाच्या थ्री स्टार मशीनवर युनिटांचा आकडा साधारण साडेनऊशे ते हजाराच्या घरात असे, फाइव्ह स्टारवर साडेसातशेच्या आसपास. याच स्टिकरवर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. हे लेबल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, एवढंच तीत लिहिलेलं असतं. हवामान बदल रोखायचा तर कायदे हळूहळू कडक करत न्यावे लागतात, असं सगळेच म्हणतात. ते नेमकं कसं करायचं हे मला त्या बारीक ओळीतून जितकं कळतं तितकं मोठमोठ्या परिषदांच्या ठरावांतून कळत नाही.

तारे मुदतीचे असतात. २०१८ साली एसीला पाच तारे मिळवायला कार्यक्षमतेचा आकडा ४.५ असावा लागे. १ जुलै २०२२ पासून तो ५ झाला, आणि कालचा फाइव्ह स्टार एसी रातोरात फोर स्टार झाला. जानेवारी २०२६ पासून पट्टी पुन्हा वर गेली आहे. अशा बदलाच्या दिवसांत दुकानात हमखास एक संवाद ऐकू येतो.

‘शेजारच्यांनी हेच मॉडेल घेतलं तेव्हा पाच तारे होते हो.’

‘मशीन तेच आहे ताई. रेटिंग बदललं. जुन्या लेबलचा एक पीस आहे आत, डिस्काउंटमध्ये देतो.’

त्या डिस्काउंटमध्ये सगळं धोरण येऊन बसलेलं असतं, पण त्याकडे वळण्याआधी थोडा इतिहास. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि मे २००६ मध्ये ताऱ्यांची योजना सुरू झाली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. ज्याला लावायचं त्याने लेबल लावावं. जानेवारी २०१० पासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर यांना ते सक्तीचं झालं. तेव्हा एसीला एक तारा मिळवायला २.३ चा आकडा पुरे होता आणि पाच ताऱ्यांना ३.१. म्हणजे एक युनिट वीज खाऊन यंत्राने खोलीतली ३.१ युनिट उष्णता बाहेर फेकली की झालं. आजच्या मानाने ही अगदीच बेताची अपेक्षा. २०१२ मध्ये सगळी पट्टी ०.२ ने वर सरकली, २०१४ मध्ये आणखी ०.२ ने. २०१८ मध्ये मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी एकाच तापमानाला, पूर्ण भारावर चाचणी होई; आता २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या भारतीय हवेत वर्षाला १६०० तास यंत्र चालेल असं धरून मोसमाचा हिशेब होतो. या नव्या रीतीत एका ताऱ्याला ३.१ लागू लागले. दोन्ही रीती वेगळ्या असल्याने हे आकडे काटेकोर शेजारी ठेवता येत नाहीत, तज्ज्ञ लगेच हटकतील. पण ढोबळ मानाने २०१० मध्ये जो सर्वोत्तम होता तो आठ वर्षांत काठावर पास होण्याच्या रेषेवर आला, असं म्हणायला हरकत नाही.

आपण पाच ताऱ्यांकडे बघतो, पण कायद्याचा खरा जोर एका ताऱ्यात आहे. लेबल सक्तीचं झाल्यावर एका ताऱ्याच्या खालचं यंत्र विकताच येत नाही. पाचवा तारा गिऱ्हाइकाला भुलवतो. पहिला तारा वाईट यंत्राला बाजाराबाहेर काढतो, गिऱ्हाइकाला त्याची खबरही नसते. भाडेकरूंसाठी सर्वांत स्वस्त एसी लावून मोकळा होणारा घरमालक असो, की टेंडरमध्ये सर्वांत कमी किमतीला काम देणारं एखादं कार्यालय, वीजबिल त्यांना भरायचं नसतं किंवा त्याचं सुखदुःख नसतं. तारे बघून शहाणे होणाऱ्यांत हे कधीच नसतात. त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त खालची रेघ.

आता त्या डिस्काउंटकडे. रेघ वर जाणार हे कंपनीला केव्हा कळतं? जुलै उजाडल्यावर नव्हे. नवा तक्ता आधी प्रसिद्ध होतो, त्यावर बैठका होतात, कंपन्या मुदत वाढवून मागतात, कधी ती मिळतेही. मधल्या काळात कारखान्यात कामं सुरू झालेली असतात. कंडेन्सर मोठा करायचा तर तांबं जास्त लागतं, डबा मोठा होतो, पॅकिंग बदलतं. कॉम्प्रेसर बदलायचा तर त्याची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. नवं मॉडेल प्रयोगशाळेत चाचणीला जातं, नोंदणी होते. हे सगळं उरकून तारीख गाठायची आणि गोदामातला जुना माल त्याआधी काढून टाकायचा. दुकानदार देतो ती सूट त्याच तारखेने काढलेली असते. सरकारने त्या दिवशी काहीच केलेलं नसतं. जे करायचं ते आधी लिहून ठेवलेलं असतं, आणि लिहिलेलं खरं होणार यावर कंपनीचा विश्वास बसलेला असतो.

हा विश्वास बसायला पहिली एक-दोन पावलं सोपी असावी लागतात. २०१० च्या २.३ ला नावं ठेवणं सोपं आहे. पण तेव्हा देशात चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तपासनीस नवखे, कंपन्या साशंक. पहिल्याच दिवशी ४.५ मागितले असते तर बाजारातली बहुतेक यंत्रं बाद झाली असती, कंपन्या कोर्टात गेल्या असत्या आणि तक्ता बासनात. सोप्या पहिल्या पायरीने कार्बन फारसा कमी केला नाही. तिने मोजायची सवय लावली. लेबल, नोंदणी, बाजारातून नमुना उचलून तपासणं हे सगळं यंत्रणेच्या अंगवळणी पडलं. मग २०१५ मध्ये इन्व्हर्टर एसींसाठी वेगळं ऐच्छिक लेबल आलं आणि २०१८ मध्ये दोन्ही प्रकार एकाच पट्टीवर आणले गेले. इन्व्हर्टर खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर मंद करतो, जुन्या पद्धतीचा एसी तो सारखा बंद-चालू करतो. एका पट्टीवर येताच जुन्या पद्धतीला वरचे तारे गाठणं अवघड झालं. आज दुकानात इन्व्हर्टर नसलेला एसी मागून बघा, विक्रेता आधी चेहऱ्याकडे बघेल.

हळूहळू का, याचं आणखी एक कारण यंत्राच्या आयुष्यात आहे. एसी दहा वर्षं चालतो. आपण कायदा कितीही कडक केला तरी गेल्या वर्षी भिंतीवर चढवलेला एसी कोणी उतरवून फेकत नाही. कायद्याची पकड असते ती यंदा विकल्या जाणाऱ्या यंत्रावर. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये वर्षाला २०० युनिटांचा फरक धरला आणि आपल्या देशात विजेच्या युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो हे लक्षात घेतलं, तर एका यंत्रामागे वर्षाला १४० किलो वाचतो, त्याच्या आयुष्यात जवळजवळ दीड टन. विक्री वर्षाला कोटीच्या पुढे गेली आहे, तेव्हा पट्टी एक वर्ष उशिरा सरकली तरी त्या वर्षीची कोटभर यंत्रं पुढची दहा वर्षं जास्तीची वीज खात बसणार. इथे हळूहळू या शब्दाची दुसरी बाजू दिसते. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण बचतीबद्दल म्हणतो, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं तळंही असंच साचतं, आणि त्यातला बराचसा भाग शतकानुशतकं हटत नाही. पायऱ्या चढत जाणं ठीक. दोन पायऱ्यांच्या मधल्या सपाट जागेचं भाडं मात्र चालूच असतं.

आणि हेही खरं की ताऱ्यांनी एसींची संख्या कमी केली नाही, करणारही नाहीत. पाच तारे लावलेला दुसरा एसी दुसऱ्या खोलीत लागला की पहिल्याची बचत गेली. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कोणाला एसी घेऊ नका म्हणायची माझी हिंमत नाही. लेबलची ताकद मर्यादित आहे एवढंच सांगतो, म्हणजे पुढचं बोलता येईल.

अर्थशास्त्र्यांना लेबलपेक्षा कर आवडतो. लेबल फक्त यंत्र बघतं. कर प्रत्येक टन कोळशाला, प्रत्येक लिटर पेट्रोलला गाठतो. आपल्याकडे असा एक कर होता, पुष्कळांना तो आठवणारही नाही. १ जुलै २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागू झाला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. सहा वर्षांत आठपट! कागदावर बघितलं तर ताऱ्यांपेक्षा ही चढण किती तरी उभी. देशी कोळसा टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरलं तर कार्बनच्या टनाला अडीचशे-पावणेतीनशे रुपये, आणि कोळशाच्या विजेला युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास. ज्या देशांनी तोवर कार्बनवर काहीच लावलं नव्हतं त्यांच्यापुढे आपण मान वर करून उभे राहू शकत होतो.

पण यातली एकही पायरी आधी लिहिलेली नव्हती. दर वेळी अर्थसंकल्पाच्या दिवशी घोषणा. यंदा दुप्पट झाला म्हणून पुढच्या वर्षी काय होईल हे चंद्रपूरच्या वीज केंद्राला, कोळशाच्या व्यापाऱ्याला किंवा सौर प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेला सांगता येत नव्हतं. वीज केंद्राने तो खर्च दरात घातला आणि आपण तो वीजबिलात भरला, इतर आकारांच्या गर्दीत, कशाबद्दल हे न कळता. कोणी त्यामुळे वेगळा निर्णय घेतला असेल तर तो क्वचितच. आणि पैसा? २०१०-११ पासून २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींच्या वर जमा झाला. ज्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी तो होता त्यात त्यातले ३० हजार कोटींच्या आतच वळते झाले, आणि प्रकल्पांना गेले ते १६ हजार कोटींच्याही आत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, उपकर त्याच ४०० रुपयांवर राज्यांच्या नुकसानभरपाईच्या खात्यात गेला आणि तिथेच थिजला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही निघाला. कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वरवर वाटतं कर वाढला. हिशेब करून बघा. हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर पूर्वी ५० आणि ४०० मिळून ४५० रुपये पडत, आता १८० पडतात. जितका कोळसा हलका आणि स्वस्त, तितका त्याचा फायदा. यावर कुठे ओरड झाली नाही. उपकर वाढला तेव्हा रडणारे होते, गेला तेव्हा त्याच्यासाठी रडणारं कोणीच नव्हतं. सहा वर्षांत आठपट होऊनही त्याने स्वतःचा एकही माणूस तयार केला नव्हता.

मग पायऱ्या आधी लिहून ठेवल्या की कर टिकतो का? याचा प्रयोग कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाला, आणि तो माझ्या म्हणण्याला अर्धाच साथ देतो. तिथे १ जुलै २००८ पासून कार्बनच्या टनाला १० डॉलर कर लागला. पुढे दर वर्षी ५ डॉलरने वाढत जुलै २०१२ ला ३० डॉलर होणार, हे कायद्यातच लिहिलं होतं. सुरुवातीला पेट्रोलला लिटरमागे जेमतेम अडीच सेंट. मुहूर्त इतका वाईट की त्याच महिन्यात जगात कच्चं तेल १४७ डॉलरवर गेलं. तरी सरकारने वसूल झालेला सगळा पैसा आयकर आणि कंपनी कर कमी करून परत दिला, घरटी नव्हे तर माणशी १०० डॉलरचा एक हप्ताही आधीच वाटला. २००९ च्या निवडणुकीत विरोधी एनडीपी पक्षाने हा कर उखडून टाका म्हणून रान उठवलं आणि तो हरला. ठरल्या तारखांना ठरल्या पायऱ्या चढून कर ३० डॉलरवर पोचला. या काळात प्रांतातलं उत्सर्जन कर नसता त्या मानाने ५ ते १५ टक्क्यांनी कमी राहिलं असे अभ्यासकांचे अंदाज आहेत, आणि अर्थव्यवस्थेचं काही बिघडल्याचं दिसलं नाही.

कायद्यात लिहिलेल्या पायऱ्या २०१२ ला संपल्या. त्यानंतर सहा वर्षं कर ३० वरच राहिला. २०१८ पासून तो पुन्हा चढू लागला, आणि चढवणारं सरकार होतं त्याच एनडीपीचं! २०२४ मध्ये तो ८० डॉलर झाला, लिटरमागे साडेसतरा सेंटच्या वर. तोवर महागाईने लोक वैतागले होते, देशभर त्या कराविरुद्ध घोषणा चालल्या होत्या. २००८ मध्ये कमी झालेला आयकर कोणाच्या लक्षात राहणार? पंपावरचा आकडा रोज समोर. १ एप्रिल २०२५ ला प्रांताने सामान्य ग्राहकांवरचा कर रद्द केला. कॅनडाच्या केंद्र सरकारने आपला ग्राहक करही त्याच दिवशी शून्य केला. सतरा वर्षं बांधलेला जिना एका दिवसात उतरवला.

हे बघितल्यावर ताऱ्यांचा जिना का टिकला याचा विचार करावासा वाटतो. पायरी वर जाते तेव्हा तो भार कोणाला दिसतो, हा भाग आहेच. पंपावर तो लाखो मतदारांना दिसतो, ताऱ्यांच्या तक्त्यात मूठभर कंपन्यांना. हे काहीसं लबाडीचं आहे, मान्य. किमतीत कुठेतरी ते पैसे येतातच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. ज्या कंपनीने इन्व्हर्टरची लाइन टाकली, जास्त तांबं घातलं, तिला आता पट्टी खाली यायला नको असते. ती वर गेली तर मागे राहिलेला स्वस्त प्रतिस्पर्धी बाद होतो. काल जी मुदतवाढ मागत होती ती आज बैठकीत नव्या तक्त्याच्या बाजूने बोलते. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा एक भागीदार घडवते. ब्रिटिश कोलंबियात करकपातीचा फायदा सर्वांना थोडाथोडा मिळाला आणि म्हणून कोणालाच त्याची राखण करावीशी वाटली नाही. आपल्या कोळसा उपकराचं तर विचारायलाच नको.

युरोपचा अनुभव याच्या मधे बसतो. २००५ मध्ये तिथे कारखान्यांना कार्बनचे परवाने वाटून त्यांचा बाजार सुरू झाला. परवाने इतके सढळ वाटले की २००७ पर्यंत भाव शून्यावर आला आणि सगळीकडे टिंगल झाली. बाजार मोडला नाही, कारण परवान्यांची कमाल मर्यादा दर वर्षी किती उतरणार हे पुढे कायद्यात घातलं गेलं: २०१३ पासून वर्षाला १.७४ टक्के, २०२१ पासून २.२, २०२४ पासून ४.३, २०२८ पासून ४.४. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव टनाला १०० युरोच्या पुढे गेला. आपल्याकडच्या उद्योगांसाठीच्या ‘परफॉर्म, अचीव्ह, ट्रेड’ योजनेची सुरुवातही अशीच सैल होती. २०१२ ते २०१५ च्या पहिल्या फेरीत ४७८ कारखान्यांना मिळून ६.६८६ दशलक्ष टन तेलाएवढी ऊर्जा वाचवायची होती, त्यांनी ८.६७ वाचवली. चांगलंच झालं, पण लक्ष्य किती हलकं होतं तेही त्यातून दिसलं. जादा बचतीची विकायची प्रमाणपत्रं उदंड, घेणारे थोडे, भाव पडला.

आता तिची जागा भारतीय कार्बन बाजार घेतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतल्या २८२ कारखान्यांची लक्ष्यं अधिसूचित झाली. प्रत्येक कारखान्याला त्याचा आकडा दिलेला आहे, एक टन मालामागे किती उत्सर्जन चालेल तो. हे काम किचकट असतं आणि ते झालं ही मोठी गोष्ट आहे. पहिली पायरी सोपी असली तर तिला मी तरी हसणार नाही. पण ती लक्ष्यं आहेत २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोन वर्षांची. त्यातलं पहिलं वर्ष अधिसूचना निघाली तेव्हा निम्मं सरलं होतं. सिमेंटची भट्टी एकदा पेटली की तीस-चाळीस वर्षं चालते. कोरपना-राजुऱ्याकडे कोणी आज नवी भट्टी टाकायची ठरवली तर तिच्या पहिल्या क्लिंकरच्या आधीच ही दोन वर्षं संपलेली असतील. त्यानंतर २०७० च्या नक्त शून्य उत्सर्जनाच्या लक्ष्यापर्यंत त्या भट्टीचा आकडा काय, हे तिचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरला माहीत नाही आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही नाही.

ॲल्युमिनियमवाल्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांचा माल युरोपात जातो, आणि जानेवारी २०२६ पासून युरोप सीमेवर कार्बनचा आकार लावतो आहे. तिथल्या कारखान्यांना मिळणारे फुकट परवाने जसजसे कमी होतील तसतसा हा आकार वाढेल, आणि त्याचा तक्ता छापलेला आहे: २०२६ मध्ये २.५ टक्के, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०३० मध्ये ४८.५, २०३४ मध्ये पूर्ण १००. ओडिशातल्या ॲल्युमिनियम कारखान्याचा हिशेबनीस ब्रसेल्सच्या पायऱ्या २०३४ पर्यंत तोंडपाठ सांगू शकतो. दिल्लीची पायरी त्याला मार्च २०२७ पर्यंतचीच ठाऊक आहे. पुढच्या विस्ताराचा हिशेब तो सध्या पहिल्या तक्त्यावर बेततो.